तुमिराहचं पहिलं बाळ

सुंबिंग डोंगराच्या उतारावर, तंबाखूच्या शेतांच्याही वर, कालिकेम्बांग नावाचं गाव आहे. तिथे पालुपीने बत्तीस वर्षं नर्सबाई म्हणून काढली. गावातल्या तिशीच्या आतल्या कुणालाही विचारा, त्याला पहिल्यांदा वजनकाट्याला लावलं ते पालुपीनेच. बाकीच्या नर्सा दोन-तीन वर्षांत बदली घेऊन खाली शहरात गेल्या. पालुपीने गावातल्याच शाळामास्तराशी लग्न केलं आणि ती राहिली. लोकांना वाटतं, तिला गाव आवडलं म्हणून राहिली. ते खरंच आहे, पण तेवढंच खरं नाही.

ती आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. सरकार त्या सुमाराला गावोगाव शिकलेल्या नर्सा पाठवत होतं. पांढरा झगा, लोखंडी पेटी, झोळी अडकवायचा आकड्याचा काटा आणि मागेलांग शहरातल्या नर्सिंगच्या शाळेत पाठ केलेली वही, एवढं घेऊन ती भाजीच्या ट्रकमधून उतरली. गावात तोवर बाळंतपणं करायची ती कार्सियेम आजी. साठीला टेकलेली, ठेंगणी, सुपारीने दात काळे झालेली. गावच्या मुखियाची नाळसुद्धा तिनेच कापली होती.

पहिल्या भेटीत आजीने पालुपीला खालीवर न्याहाळलं.

"नर्सबाई, तुमचं स्वतःचं झालंय का एखादं?"

"नाही अजून. लग्नच नाही झालेलं."

"बरं. मग आपण दोघी मिळून करू. तुम्ही सुया टोचा, मी पोट चोळते."

अंगणातल्या बायका तोंडावर हात धरून हसल्या. आजीने काही वाईट मनाने म्हटलं नव्हतं, पण पालुपीला ते झोंबलं.

आणि पालुपीकडे रागवायला कारणही होतं. आजी पहिलं पिवळं दूध शिळं म्हणून पिळून टाकायला लावायची. तिसऱ्या दिवसापासून केळं कुस्करून बोटाने बाळाच्या तोंडात घालायची. बाळ गपगार झोपतं, आईला शेतात जाता येतं, असा गावाचा अनुभव. पालुपी येऊन दोन महिने झाले नाहीत तोच नऊ दिवसांचं एक बाळ तिच्याकडे आणलं, पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. शहराच्या दवाखान्यात पोहोचायच्या आधीच ट्रकमध्ये त्याने मान टाकली. ते पालुपीच्या मांडीवर होतं.

तेव्हापासून ती हात धुऊन केळ्याच्या मागे लागली. घरोघर जाऊन बाळंतिणीजवळ बसायची. एकदा एका सासूबाईंनी पिवळं दूध नासकं असतं म्हणून हुज्जत घातली, तेव्हा पालुपीने त्या दुधाचा थेंब स्वतःच्या जिभेवर घेतला. "खारट-गोड लागतंय. नासलेलं असतं तर आंबट नसतं लागलं?" पुढे महिनाभर गावात तोच विषय. पण हळूहळू बायका ऐकू लागल्या, आणि आपलं ऐकलं जातंय याची चव पालुपीला लागली.

त्याच वर्षी ऑगस्टात, तंबाखूच्या तोडणीत, तुमिराहला अवेळी कळा आल्या. एकोणीस वर्षांची मुलगी, पहिलटकरीण, आठवा पुरा व्हायचा होता. पानांची पाटी डोक्यावरून उतरवता उतरवता खाली बसली. पालुपी त्या दिवशी खाली तालुक्याला बैठकीला गेली होती. नवरा सार्वोनोने धावत जाऊन कार्सियेम आजीला आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पालुपी परतली ती तडक त्यांच्या घरी गेली. चुलीजवळ भिंतीला टेकून तुमिराह बसली होती, कमरेच्या वर उघडी. तिच्या छातीवर, दोन स्तनांच्या मधोमध, उघडंनागडं बाळ उभं धरलेलं, बेडकासारखे पाय दुमडलेलं. वरून बाटिकचं लांब कापड दोन वेढे घालून आवळलेलं, त्यावर सार्वोनोचं जाकीट. बाळाच्या डोक्याला जुन्या लुंगीचा तुकडा गुंडाळला होता. आजी शेजारी बसून सुपारी चघळत होती.

"हे काय चाललंय?"

"कच्चं आलंय, नर्सबाई. पिकायला ठेवलंय," आजी म्हणाली. "चूल विझते. आईचं अंग विझत नाही."

पालुपीने काही उत्तर दिलं असतं, कदाचित विचारलंही असतं. पण तिची नजर आजीच्या पायाशी ठेवलेल्या वाटीवर गेली. वाटीत कुस्करलेलं केळं होतं.

"हे भरवलंत बाळाला?"

"नुसतं बोट लावलं जिभेला. शकुनाचं."

"अजून एक पोर मारायचंय का तुम्हाला?"

त्या डोंगरात आजीच्या वयाच्या माणसाशी कुणी त्या आवाजात बोलत नाही. सार्वोनोने मान खाली घातली. आजीने वाटी उचलली, पदराखाली घेतली आणि उठून गेली.

पालुपीने कापडाची गाठ स्वतःच्या हाताने सोडली. मुलगी होती. काट्यावर सोळाशे ग्रॅम भरली. काट्याच्या गार झोळीत घातल्यावर ती रडली, बारीक, पण स्पष्ट. तिला उचलताना तळहाताला ऊब लागली होती, नुकत्याच उकडलेल्या रताळ्यासारखी. हे पालुपीला नंतर आठवलं. त्या वेळी तिच्या डोक्यात वही होती. वहीत लिहिल्याप्रमाणे तिने शेवयांचा रिकामा खोका घेतला, कापूस अंथरला, तीन काचेच्या बाटल्यांत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून कडेने लावल्या, मध्ये बाळ ठेवलं. आरोग्य केंद्रातून आणलेली दुधाची भुकटी उकळलेल्या पाण्यात कालवून थेंबाथेंबाने पाजायला सुरुवात केली.

"तू पडून राहा," तिने तुमिराहला बजावलं. "सारखं उचलायचं नाही. तंबाखूचे हात आहेत तुझे."

तुमिराहने हात वळून पाहिले. बोटं पानांच्या डिंकाने काळी पडली होती.

"थोडा वेळ घेऊ का, नर्सबाई?"

"वजन वाढू दे. मग घे."

दोन दिवस पालुपी जवळजवळ त्या घरातच होती. तासातासाला पाणी बदलायची. तिसऱ्या दिवशी दुपारी खालच्या वाडीतून बाळंतपणाचं बोलावणं आलं. "पाणी गार होऊ देऊ नको," असं सार्वोनोला सांगून ती गेली. नेमका तंबाखूचा ट्रक आला. सार्वोनो पानांच्या गासड्या चढवायला गेला आणि त्याला तासभर उशीर झाला. तुमिराह खोक्याजवळ बसून होती. तिला उचलायला मनाई होती, म्हणून तिने उचललं नाही.

पालुपी परतली तेव्हा बाटल्या कोमट होत्या आणि बाळाचे तळपाय ओढ्यातल्या दगडासारखे. तिने चोळलं, पाणी बदललं, फुंकर घातली. मशिदीत संध्याकाळची बांग झाली त्या सुमाराला बाळ गेलं.

कुणी पालुपीला बोल लावला नाही. शेजारणी म्हणाल्या, ठेव होती, ज्याची त्याने परत नेली. सार्वोनो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, हात जोडल्यासारखे पुढे धरून.

"माझंच चुकलं, नर्सबाई. तासभर उशीर झाला."

यावर पालुपी जे बोलली ते तिला पुढे कितीतरी वर्षं जेवताना, चालताना, मध्येच आठवायचं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी लक्ष ठेव."

बाळाला अंघोळ घालायला कार्सियेम आजी आली. तिने काम केलं, कापड गुंडाळलं आणि गेली. चौथ्या दिवशी तुमिराहला दूध उतरलं. छाती दगडासारखी झाली, ताप चढला. पालुपीने फडकं घट्ट बांधायला सांगितलं.

मग तालुक्याला अहवाल द्यायचा होता. पालुपीने लिहिलं: अपुऱ्या दिवसांचं, वजन कमी, पहिल्या दिवशी सुईणीने केळं भरवलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पंधरा दिवसांनी तालुक्याहून माणूस आला आणि सुईणींना सरकारने दिलेली पत्र्याची पेटी आजीकडून मागून घेऊन गेला. आजीने पेटी घासूनपुसून दिली. कात्रीला तेलही लावलं होतं.

त्यानंतर गावाची बाळंतपणं एकट्या पालुपीकडे आली. आजी लचकलेले पाय चोळायची, तोडणीच्या दिवसांत तंबाखूची पानं रचायला जायची. गावात केळं बंद झालं. तेवढ्या गोष्टीचा पालुपीला अभिमान होता आणि तो असायलाच हवा होता. पोट फुगून मेलेलं बाळ तिला पुन्हा पाहावं लागलं नाही.

तुमिराहला पुढे दोन मुलगे झाले, दोघेही पुऱ्या दिवसांचे. दोन्ही वेळा पालुपीने बाळ पुसून तिच्याकडे दिलं, आणि दोन्ही वेळा तुमिराहने आधी विचारलं, "घेऊ का?" दुसऱ्या वेळी तर तिने बोटं राखेने घासून लाल करून ठेवली होती. पालुपी म्हणाली, "घे की अगं, तुझंच आहे." तिला वाटलं, स्वभावाने भित्री आहे.

बारा वर्षांनी पालुपीला सेमारांगला प्रशिक्षणाला पाठवलं. पंखे लावलेलं मोठं दालन, पन्नासेक नर्सा, दुपारच्या जेवणानंतरची वेळ. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र टाकलं. भिंतीला टेकून बसलेली आई, छातीवर उघडं बाळ, उभं, पाय दुमडलेले, डोक्याला टोपी, आणि वरून कापडाचे दोन वेढे.

डॉक्टरीणबाई सांगत होत्या: लांबच्या एका देशात बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी पडल्या तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ही रीत काढली. बाळ गार पडलं की आईची छाती आपोआप जास्त तापते. बाळाचा श्वास आईच्या श्वासाला धरून चालतो. आणि दूध तर असं उतरतं की बघत राहावं.

पालुपी उठून बाहेर गेली आणि जिन्यात बसली. तिच्या मागोमाग एक ओळखीची नर्स आली.

"काय गं, बरं नाही का?"

"जेवण जड झालं," पालुपी म्हणाली.

कदाचित ते बाळ तसंही गेलं असतं. सोळाशे ग्रॅम, डोंगरातली थंडी, जवळ दवाखाना नाही. हा विचार तिने त्या जिन्यातच करून पाहिला, आणि नंतरही कैक वेळा. त्याने कधी समाधान झालं नाही, कारण तळहाताला लागलेली ती ऊब तिच्या चांगली लक्षात होती.

गावी परतल्यावर ती या कामात जी शिरली ती शेवटपर्यंत. अपुऱ्या दिवसांचं बाळ आलं की पालुपी त्या घरी मुक्कामच ठोकायची. स्वतः कापड बांधायची. सैल झालं तर पुन्हा सोडून बांधायची. बाळाला ओढायची ताकद नसेल तर आईकडून हाताने दूध काढवून घ्यायची आणि इवल्या कपातून पाजायची. मांजराच्या पिलासारखी जीभ बाहेर काढून बाळ चाटायचं. बायकांशी बोलण्याची तिची रीतही बदलली होती. आवाज खाली आला होता.

"घाई नको. तोंड केवढंसं उघडलंय बघ. जांभई देईल एवढं उघडू दे, मग जवळ घे. हनुवटी टेकली पाहिजे. दुखतंय? मग नीट लागलं नाही. काढ, पुन्हा लाव. इथे कोण काठी घेऊन उभंय?"

बाप्यांनाही ती सोडत नसे. आई आंघोळीला गेली की बापाने सदरा काढून बसायचं, असा दंडक. एक जण फार लाजला.

"या रीतीला कांगारू म्हणतात म्हणे, नर्सबाई. मग मी आता उड्या मारत शेतात जाऊ?"

"उड्या मारायच्या तेव्हा मारल्यास," त्याची आई चुलीकडून म्हणाली. "आता बस गप."

पंधरा-वीस वर्षांत अशी चोवीस बाळं झाली. त्यातली एकवीस जगली. गावात या बांधण्याला 'नर्सबाईंची झोळी' म्हणू लागले. पालुपीच्या कानावर ते पहिल्यांदा पडलं तेव्हा ती रस्त्यात होती, आणि समोरच्या उंबऱ्यावर कार्सियेम आजी ऊन खात बसली होती. तिनेही ऐकलं असणार. पालुपीने मान लववून नमस्कार केला आणि पुढे गेली.

सांगायचं तिने रोज ठरवलं. या महिन्यात बाळांची वजनं घ्यायच्या दिवशी सगळ्या बायकांसमोर आजीला बोलवायचं, म्हणायचं, ही हिची झोळी. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार: मग तेव्हा तुम्ही का सोडलीत? तो प्रश्न कोण विचारणार हेही तिला माहीत होतं. म्हणून ती दर ईदेला आजीकडे साखर आणि चहाची पुडी पाठवत राहिली. मधल्या काळात सार्वोनो ट्रकवरून पडून गेला. पालुपी मातीला गेली, तुमिराहजवळ बसली, आणि तशीच उठून आली.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा कुठे पालुपीचा पाय तिच्या घराकडे वळला. आजीला खोकला होता, डोळे अंधुक झाले होते, पण डोकं शाबूत होतं. पालुपीने तिची उशी सारखी केली, नाडी पाहिली, आणि मग नाडी तशीच धरून बोलली. तुमिराहच्या बाळाचं, झोळीचं, अहवालाचं, पेटीचं.

आजीने ऐकून घेतलं.

"मला ठाऊक आहे तुला कळलंय ते," ती म्हणाली. आजवर ती पालुपीला 'तुम्ही'च म्हणत आली होती. "सात वर्षं साखर येतीय. नर्सबाईला माझ्या चहाची एवढी काळजी कशाला असेल?"

पालुपीने नाडीवरचा हात काढला.

"केळ्याचं तुझंच खरं होतं. माझ्या हातून किती गेली असतील, अल्ला जाणे. मी मोजली नाहीत. रात्री झोप लागत नाही तेव्हा मोजायला बसते, पण आता नावं आठवत नाहीत." खोकल्याची उबळ आली, ती जिरेपर्यंत थांबली. "पेटीचं मात्र मला लागलं. एकदा चार बायकांत मला हाक मारली असतीस, पोरी, तर मी आले असते. दोघींनी मिळून बांधली असती."

"चुकलं, आजी."

"माझ्याकडे काय मागतेस? माझं काय मेलंय? तुमिराहकडे गेलीस का?"

पालुपीने मान हलवली.

"मग अजून कुठेच गेली नाहीस."

तीन आठवड्यांनी आजी गेली. त्यानंतर पालुपी तुमिराहकडे गेली. तुमिराह अंगणात बांबूच्या तट्ट्यांवर चिरलेला तंबाखू उन्हात पसरत होती. पालुपी उभ्यानेच बोलली. बसायला तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तुमिराहचे हात थांबलेच नाहीत. एक तट्टा झाला, दुसरा झाला.

"अंगाने ऊन होती ती," तुमिराह शेवटी म्हणाली. "मला आठवतंय. तुम्ही गाठ सोडलीत आणि ती रडली. मला वाटलं, परत घ्यावी. मग वाटलं, नर्सबाईंना जास्त कळतं." तिने तळव्याने तंबाखू दाबून सारखा केला. "इतकी वर्षं मी समजत होते, माझ्या हातांना तंबाखू होता म्हणून गेली."

"तसं नव्हतं, तुमिराह. तुझे हात ठीक होते."

"सार्वोनोला सांगितलंत कधी?"

"नाही."

"रोज्यांच्या आधी कबरीवर फुलं घालायला जायचो ना आम्ही, तर तो दर साली तिची माफी मागायचा. उशीर झाला म्हणायचा. सतरा वर्षं." ती पहिल्यांदा पालुपीकडे वळली. "त्याला सांगायला हवं होतं, नर्सबाई. तुम्ही त्याच्या मातीला आला होतात."

तुमिराहने पुढचा तट्टा ओढला. वर बघून ती म्हणाली, "ढग येतायत. मला हे आत घ्यायचंय." पालुपीने हात लावायला पुढे केला. तुमिराह म्हणाली, "राहू दे, मी घेते."

त्यानंतर तुमिराह रस्त्यात भेटली की मान लववायची, बोलायची नाही. पालुपीने वजनाच्या दिवशी सगळ्यांसमोर ती गोष्ट सांगितली, आजीचं नाव घेऊन, आपलंही नाव घेऊन. बायका ऐकत राहिल्या. मग एकीचं बाळ रडायला लागलं आणि काम सुरू झालं. नव्याने येणाऱ्या नर्सांनाही ती सांगायची, एकेकीला शेजारी बसवून. पुष्कळशा म्हणायच्या, तुम्हाला तेव्हा कुठे माहीत होतं? पालुपी म्हणायची, समोर बसलेल्या बाईला माहीत होतं, मी विचारलं नाही.

गाव तरीही 'नर्सबाईंची झोळी'च म्हणत राहिलं.

तुमिराहच्या धाकट्या सुनेला आठवा लागला, तेव्हा तिने सुनेला डोंगरापलीकडच्या गावातल्या नर्सकडे नेलं. इथून दीड तासाची वाट, तीही गर्भारशीला घेऊन. कुणी कारण विचारलं नाही. नातू महिनाभर आधीच आला, अठराशे ग्रॅमचा. सुनेला ताप होता, म्हणून तुमिराहने त्याला स्वतःच्या छातीशी बांधलं आणि तीन आठवडे जवळजवळ उतरवलंच नाही. दूध सून काढून द्यायची, कपाने ती पाजायची. बाजारात कुणीतरी हे पालुपीला सांगितलं. पालुपीने विचारलं, "वजन किती झालं आता?" अडीच किलो, म्हणाली ती बाई. पालुपीने भाजी घेतली आणि घरी आली.

नातवाला घरी आणल्यावर तुमिराहने गावजेवण घातलं. जेवायला बसायचं बोलावणं पालुपीच्या घरी आलं नाही. संध्याकाळी प्रसादाच्या भाताचा डबा मात्र आला, गावातल्या इतर सगळ्या घरांत गेला तसाच. आत भात, कोंबडीचा तुकडा, अर्धं अंडं, परतलेल्या शेवया. पालुपीने नवऱ्याला हाक मारली, दोन ताटल्या काढल्या, आणि दोघांनी तो निम्मा निम्मा खाल्ला.